झाड लावणारे राज्य आणि गवताचा वसंत : नेब्रास्काच्या प्रेअरीची गोष्ट

१/
मार्च महिना सरत आला की अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, प्लॅट नदीच्या काठी बांधलेल्या लाकडी खोप्यांमध्ये माणसे श्वास रोखून बसलेली दिसतात. त्यांत आजी-आजोबा असतात, आईवडील असतात, शाळकरी मुले असतात. सूर्य मावळू लागतो आणि हजारो क्रौंच पक्षी आभाळातून नदीत उतरू लागतात. पुढे महिन्याभरातच, त्याच राज्याच्या पूर्व टोकाला, नेब्रास्का सिटी नावाच्या गावात वृक्षारोपणाचा उत्सव भरतो आणि मुले हातात रोपे घेऊन येतात.

२/
दोन्ही सोहळे वसंतातले, दोन्ही कुटुंबाने मिळून अनुभवण्याचे. मात्र त्यांच्यामध्ये एक विलक्षण विसंगती आहे. पूर्वेला झाड लावणे हे पुण्यकर्म मानले जाते, तर प्लॅटच्या काठी क्रौंच उतरावेत म्हणून झाडे तोडावी लागतात. एकाच राज्यावर एका हाताने लावण्याची आणि दुसऱ्या हाताने तोडण्याची वेळ का आली, याचे उत्तर गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासात आहे. हा थ्रेड त्या इतिहासाचा.

३/
प्रथम भूमी समजून घेऊ. नेब्रास्का हा उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीचा, म्हणजे अफाट गवताळ माळांचा प्रदेश. पूर्वेकडून पश्चिमेकडे जावे तसा पाऊस कमी होत जातो आणि गवताची उंचीही घटत जाते. पूर्वेला माणसाच्या डोक्यावरून जाणारे गवत, पश्चिमेला घोट्याशी लोळणारे. या गवताचा मोठा भाग जमिनीखाली असतो. त्याची मुळे काही ठिकाणी दोन-तीन मीटर खोल जातात. वणवा येवो, दुष्काळ पडो वा बायसनचे कळप चरून जावोत, गवत पुन्हा फुटते. झाडाचे कोवळे रोप मात्र वणव्यात जळून जाते. प्रेअरी उघडी राहिली ती अशी.

४/
नदीचे स्वरूपही असेच उघडे. ओटो लोकांच्या भाषेतील ज्या शब्दावरून 'नेब्रास्का' हे नाव आले, त्याचा अर्थ 'सपाट पाणी'. फ्रेंचांनी तिला 'प्लॅट' म्हटले, त्याचाही अर्थ 'सपाट'. रॉकी पर्वतातला बर्फ वितळला की वसंतात नदीला लोंढे येत. त्या लोंढ्यांबरोबर आणि वाहत्या बर्फाबरोबर वाळूच्या पट्ट्यांवर उगवलेली रोपे उपटून जात. त्यामुळे नदीचे पात्र रुंद, उथळ, अनेक प्रवाहांत विभागलेले आणि वृक्षहीन राहिले.

५/
१८२० मध्ये मेजर स्टीफन लाँग यांची सरकारी मोहीम या भागातून गेली. त्या मोहिमेच्या नकाशावर या प्रदेशाला 'महान अमेरिकी वाळवंट' असे नाव दिले गेले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील माणसाला जंगलाची सवय होती; जिथे झाड उगवते तिथेच पीक येते, असा त्याचा हिशेब होता. म्हणून जिथे झाड नाही ती जमीन त्याच्या लेखी ओसाड ठरली. पुढच्या सगळ्या घटनांची बीजे या एका शब्दात आहेत.

६/
ती भूमी ओसाड नव्हती. प्लॅट, लूप आणि रिपब्लिकन या नद्यांच्या खोऱ्यांत पॉनी लोकांची गावे होती. लाकडाच्या सांगाड्यावर मातीचा जाड थर देऊन बांधलेल्या प्रशस्त गोल घरांत अनेक कुटुंबे एकत्र राहत. घराचे तोंड पूर्वेला असे. पुरोहित आकाशातील ताऱ्यांवर नजर ठेवत, आणि वसंतातला पहिला मेघगर्जनेचा आवाज ऐकू आला की वर्षाचे धार्मिक विधी सुरू होत.

७/
त्यानंतर पेरणी. पॉनी समाजात शेती स्त्रियांच्या हाती होती. नदीकाठच्या मऊ मातीत मका, घेवडा आणि भोपळा ही पिके घेतली जात. मक्याचे अनेक वाण त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वेगळे राखले होते. पिकाने मूळ धरले की सारे गाव बायसनच्या शिकारीसाठी पश्चिमेकडे निघे आणि कापणीच्या वेळी परते. म्हणजे या प्रेअरीवर वसंतात कुटुंबाने मिळून प्रवास आखण्याची रीत पर्यटकांच्या किती तरी आधीची आहे.

८/
१८३३ ते १८५७ या काळात एकामागून एक करार झाले आणि पॉनींची जमीन आक्रसत लूप नदीकाठच्या एका लहान राखीव क्षेत्रापुरती उरली. साथीच्या रोगांनी माणसे नेली, बायसन संपत आले. ऑगस्ट १८७३ मध्ये शिकारीला निघालेल्या पॉनींवर लाकोटांच्या मोठ्या जमावाने हल्ला केला; बळी गेलेल्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. १८७४-७५ च्या सुमारास पॉनी दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात, निघून गेले. जाताना त्यांनी मक्याचे बियाणे बरोबर नेले.

९/
ते जात होते तेव्हा त्यांच्या जागी येणाऱ्यांसाठी कायदा तयार होता. २० मे १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. अल्प शुल्क भरा, १६० एकर जमिनीवर दावा लावा, पाच वर्षे तिथे राहून ती कसा, आणि मालक व्हा. १ जानेवारी १८६३ रोजी कायदा अमलात आला, त्याच दिवशी डॅनियल फ्रीमन यांनी नेब्रास्कातील बिएट्रिस गावाजवळच्या जमिनीवर दावा नोंदवला. पुढे देशभर या कायद्याने सुमारे २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. म्हणजे अमेरिकेच्या एकूण भूमीचा जवळजवळ दहावा हिस्सा.

१०/
आलेल्या कुटुंबांपुढे पहिला प्रश्न घराचा होता. लाकूडच नव्हते. मग नांगराने गवताच्या मुळांसकट मातीचे लांब पट्टे उचकटायचे, त्यांचे तुकडे करायचे आणि विटांसारखे रचून भिंती उभारायच्या. या मातीला लोक थट्टेने 'नेब्रास्काचा संगमरवर' म्हणत. ज्या गवताला ते मोडायला आले होते, त्या गवताच्या मुळांनीच त्यांच्या भिंती धरून ठेवल्या.

११/
१८८६ पासून सॉलोमन बुचर या छायाचित्रकाराने कस्टर काउंटीत फिरून अशा शेकडो कुटुंबांची छायाचित्रे काढली. मातीच्या घरापुढे सारे घर रांगेत उभे आहे. अंगावर ठेवणीतले कपडे. टेबल, खुर्च्या, घोडे, गायीही चौकटीत आणल्या आहेत. मागे क्षितिजापर्यंत केवळ गवत. नातलगांना 'आम्ही इथे टिकलो' हे सांगणारी ही छायाचित्रे आहेत. त्यांतले वृक्षहीन क्षितिज पाहिले म्हणजे एका झाडाच्या सावलीसाठी ही माणसे किती आसुसली असतील, हे उमगते.

१२/
ही आस ओळखणारा माणूस होता जे. स्टर्लिंग मॉर्टन. १८५४ मध्ये, नेब्रास्का प्रांत स्थापन झाला त्याच वर्षी, तो पत्नी कॅरोलाइनसह मिशिगनहून इथे आला. वृत्तपत्राचा संपादक, राजकारणी आणि झाडांचा वेडा. ४ जानेवारी १८७२ रोजी त्याने राज्याच्या कृषी मंडळापुढे ठराव मांडला की, वर्षातला एक दिवस केवळ झाडे लावण्यासाठी राखून ठेवावा. सर्वाधिक झाडे लावणाऱ्यांना बक्षिसेही जाहीर झाली.

१३/
तो पहिला 'आर्बर डे' १० एप्रिल १८७२ रोजी पार पडला. त्या एका दिवशी नेब्रास्कात दहा लाखांहून अधिक झाडे लागली, असे तेव्हापासून सांगितले जाते. १८८५ मध्ये मॉर्टनच्या वाढदिवशी, २२ एप्रिलला, राज्याने या दिवसाची अधिकृत सुट्टी जाहीर केली. शाळांनी तो उचलून धरला आणि बघता बघता तो देशभर, मग देशाबाहेरही पोचला. ज्या प्रदेशात झाडे नव्हती, त्याच प्रदेशाने जगाला वृक्षारोपणाचा सण दिला.

१४/
इथवरची गोष्ट सरळ आहे. गुंता झाला तो झाडांकडून भलत्याच अपेक्षा केल्यामुळे. १८७३ मध्ये अमेरिकी संसदेने 'टिंबर कल्चर' कायदा केला. १६० एकरांपैकी ४० एकरांवर झाडे वाढवा आणि जमीन मिळवा, अशी त्याची अट; पुढे १८७८ मध्ये ती १० एकरांवर आणली गेली. हा कायदा पुढे रेटणारे सिनेटरही नेब्रास्काचेच होते. सावली, सरपण आणि लाकूड यांबरोबरच झाडांमुळे पाऊसही वाढेल, अशी आशा या कायद्यामागे होती.

१५/
त्या काळी नेब्रास्का विद्यापीठातील प्राध्यापक सॅम्युएल ऑगी आणि प्रवर्तक चार्ल्स डेना विल्बर यांनी एक सिद्धान्त गाजवला होता : जिथे नांगर जातो तिथे मागोमाग पाऊस जातो. १८७० आणि ८० च्या दशकांत काही वर्षे योगायोगाने पाऊस बरा झाला आणि लोकांचा विश्वास बसला. त्या भरवशावर कुटुंबे कोरड्या पश्चिमेकडे सरकत गेली. मग १८९० च्या दशकात भीषण दुष्काळ पडला. पिके करपली, रोपे वाळली, हजारो कुटुंबे गाडी जोडून आल्या वाटेने परत गेली. टिंबर कल्चर कायदा १८९१ मध्येच रद्द झाला होता.

१६/
स्वप्न मात्र मावळले नाही. १८९५ मध्ये नेब्रास्काने 'झाडे लावणाऱ्यांचे राज्य' हे बिरुद अधिकृतपणे घेतले. वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स बेसी यांच्या आग्रहावरून १९०२ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सँडहिल्स या वालुकामय गवताळ टेकड्यांत राखीव वन घोषित केले. हॅल्सी गावाजवळ रोपवाटिका निघाली आणि हजारो एकर माळावर माणसांच्या हातांनी जंगल उभे राहिले. १९३४ मध्ये, धुळीच्या वादळांच्या काळात, फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी उत्तर डकोटापासून टेक्सासपर्यंत वारा अडवणाऱ्या झाडांच्या रांगा लावण्याची योजना आणली. सुमारे आठ वर्षांत २० कोटींहून अधिक झाडे लागली.

१७/
या झाडांनी शेतांचे आणि घरांचे रक्षण केले, हे निर्विवाद. मात्र त्याच काळात आणखी दोन गोष्टी घडत होत्या. शेते आणि गावे वाढली तसे माणसांनी वणवे विझवायला सुरुवात केली. आणि प्लॅटच्या वरच्या अंगाला, कोलोरॅडो, वायोमिंग आणि खुद्द पश्चिम नेब्रास्कात, धरणे व कालवे झाले. १९४१ मध्ये पूर्ण झालेले किंग्जली धरण त्यांपैकी मोठे. झाडांना रोखणारे दोन पहारेकरी होते, वणवा आणि पूर. दोघेही एकाच सुमारास पहाऱ्यावरून हटले.

१८/
परिणाम संथपणे, पण सर्वत्र दिसू लागला. लोंढे थांबल्यावर नदीतल्या वाळूच्या पट्ट्यांवर कॉटनवुड आणि विलोची रोपे टिकली, वाढली. पात्र अरुंद झाले, काही ठिकाणी तर नदीच्या जागी दाट राई उभी राहिली. माळांवर 'ईस्टर्न रेड सीडर' हे सूचिपर्णी झाड पसरले. ते मूळचे याच भागातले. पूर्वी वणवा त्याला कडेकपारीत रोखून धरी. आता पक्ष्यांच्या विष्ठेतून त्याचे बी सर्वदूर जाते आणि एकदा त्याची दाटी झाली की खाली गवत उगवत नाही.

१९/
याची झळ बसली ती क्रौंचांना. सँडहिल क्रौंच हा आपल्याकडील सारसाचा जवळचा नातलग. दोघेही शास्त्रज्ञांच्या लेखी एकाच प्रजातिगटातले. दक्षिणेत हिवाळा काढून हे पक्षी उत्तरेला कॅनडा, अलास्का आणि काही तर थेट सायबेरियापर्यंत जातात. वाटेत प्लॅटच्या मध्य भागात ते तीन-चार आठवडे थांबतात. रात्री उथळ पाण्यात उभ्याने झोपतात, कारण चोहीकडे मोकळी दृष्टी असली आणि पायाखाली पाणी असले म्हणजे कोल्हा वा कायोटी चाहूल न देता येऊ शकत नाही. किनाऱ्यावर झाडी दाटली की हे संरक्षण संपते.

२०/
म्हणून क्रौंच नदीच्या उरल्यासुरल्या मोकळ्या भागात दाटीवाटीने एकवटले. आज सुमारे १३० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात दर वसंतात सहा लाखांहून अधिक क्रौंच उतरतात. जगातल्या सँडहिल क्रौंचांपैकी हा बहुतांश हिस्सा. पर्यटकाला हे दृश्य निसर्गाच्या विपुलतेचे वाटते, आणि ते तसे आहेही. मात्र त्या दाटीमागे हरवलेल्या नदीचा इतिहासही आहे.

२१/
१९७४ मध्ये ऑडुबॉन संस्थेने गिबन गावाजवळ नदीकाठची जमीन घेऊन रो अभयारण्य सुरू केले. १९७८ मध्ये वायोमिंगमधील ग्रेरॉक्स धरणाच्या वादात तडजोड झाली आणि त्यातून मिळालेल्या निधीवर 'क्रेन ट्रस्ट' उभा राहिला. २००७ पासून तीन राज्ये आणि केंद्र सरकार मिळून नदीचे पाणी आणि अधिवास राखण्याचा कार्यक्रम चालवत आहेत. यंत्रे पात्रात उतरवून वाळूच्या पट्ट्यांवरची झाडे-झुडपे काढली जातात. जे काम पूर्वी वितळता बर्फ फुकट करीत असे, ते आता डिझेल जाळून करावे लागते.

२२/
आता खोपीतल्या त्या कुटुंबाकडे परत वळू. आत शिरल्यावर बोलायचे नाही, मोबाइलचा उजेड दाखवायचा नाही, पक्षी असेपर्यंत बाहेर पडायचे नाही. लहान मुलांना हे अवघड जाते. पण पहिला थवा उतरला की तीच सर्वांत स्तब्ध होतात. घशातून घुमणारा तो आवाज काही किलोमीटरवरून ऐकू येतो. आणि नीट पाहिले तर थव्यात तीन-तीनचे गट दिसतात : नर, मादी आणि गेल्या उन्हाळ्यातले पिल्लू. पिल्लू पहिला हिवाळा आईवडिलांबरोबर काढते आणि परतीची वाटही त्यांच्याच सोबतीने शिकते. पाहणारेही कुटुंब, प्रवासीही कुटुंब.

२३/
दिवसा हे क्रौंच शेतांत उतरून कापणीनंतर सांडलेला मका टिपतात आणि पुढच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवतात. म्हणजे नांगराने त्यांचा माळ नेला, आणि त्याच नांगराखालच्या शेतातल्या दाण्यांनी त्यांना जगवले. इतिहासाचा हिशेब असा सरळ बेरीज-वजाबाकीचा नसतो.

२४/
वसंतातले दुसरे आकर्षण पहाटेचे. मार्च ते मे या काळात 'प्रेअरी चिकन' या पक्ष्याचे नर ठरलेल्या माळावर जमतात, मानेवरच्या नारिंगी पिशव्या फुगवतात, पाय आपटत नाचतात आणि घुमतात. त्यांना आखूड गवताची मोकळी जागा हवी असते. जवळपास उंच झाडे वाढली की ते ती जागा सोडतात. म्हणून अनेक ठिकाणी पशुपालक आणि संवर्धक मिळून वसंतात मुद्दाम, नियंत्रित रीतीने माळ पेटवतात. काळ्या पडलेल्या जमिनीतून थोड्याच दिवसांत हिरवे पाते वर येते.

२५/
डॅनियल फ्रीमन यांच्या त्या पहिल्या दाव्याच्या जमिनीवर आज होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. तिथल्या संग्रहालयाचे छप्पर जमीन फाडणाऱ्या नांगराच्या आकाराचे. प्रवेशद्वाराशी एक भिंत आहे. तीत ३० राज्यांचे आकार उभे केले असून कायद्याने प्रत्येकातली किती जमीन वाटली गेली, ते कापलेल्या पोकळीतून दाखवले आहे. आत ढेकळांच्या घरांची कहाणी आहे, तशीच ज्यांची जमीन गेली त्या मूलनिवासींचीही. आणि बाहेर, फ्रीमन यांनी नांगरलेल्या शेतावर, १९३९ पासून पुन्हा प्रेअरीचे गवत वाढवले आहे. नांगर आणि गवत यांचा वाद तिथे मुलांना एका फेरीत पाहता येतो.

२६/
पॉनींच्या बियाण्याचे काय झाले? ओक्लाहोमाच्या माती-हवेत ते नीट रुजले नाही. अनेक वाण मुठीमुठीने उरले. या शतकाच्या आरंभी पॉनी समाजाच्या बीजरक्षक डेब इको-हॉक यांनी नेब्रास्कातील कर्नी येथील बागकाम करणाऱ्यांशी हात मिळवला. काही बियाणे मूळ भूमीत परत आले, प्लॅटच्या खोऱ्यात पेरले गेले आणि तरारले. ज्यांच्या पूर्वजांनी पॉनींच्या जमिनीवर दावे लावले, त्या वसाहतकऱ्यांच्या वंशजांनीही आपल्या बागेत हा मका वाढवून बी पॉनींना परत दिले. लोकसाहित्याचे अभ्यासक रॉजर वेल्श आणि त्यांच्या पत्नी लिंडा यांनी तर लूप नदीकाठची आपली जमीनच पॉनी राष्ट्राला दिली.

२७/
मग मॉर्टन चुकला का? नेब्रास्का सिटीतील त्याचा ५२ खोल्यांचा 'आर्बर लॉज' आजही पाहता येतो. मातीच्या घरात उन्हाने होरपळणाऱ्या कुटुंबाला सावली हवी होती, फळे हवी होती, वाऱ्याला आडोसा हवा होता, आणि त्याच्या सणाने ते दिले. अंगणातले, गावातले, शेताच्या बांधावरचे झाड हे वरदानच होते. चूक पुढे झाली : झाड नसलेली जमीन म्हणजे अपुरी जमीन, हे गृहीतक धरून कायदे लिहिले गेले तेव्हा.

२८/
लाँगच्या नकाशाने ज्याला वाळवंट म्हटले, तिथे पॉनींचा मका डुलत होता, क्रौंच उतरत होते आणि जमिनीखाली माणसाच्या उंचीहून खोल मुळांचे जाळे होते. जमीन रिकामी म्हटली की ती रिकामी करणे सोपे जाते. तिथल्या माणसांनाही आणि गवतालाही. उंच गवताच्या प्रेअरीचा आज उत्तर अमेरिकेत चार टक्क्यांहूनही कमी हिस्सा शिल्लक आहे. तोडलेले जंगल डोळ्यांना लगेच कळते. नांगरलेले गवत मात्र हिरव्या शेताआड लपून जाते, आणि त्याच्यासाठी कुणी सण साजरा करीत नाही.

२९/
तरीही नेब्रास्काचा वसंत आज या दोन्ही स्मृती शेजारी शेजारी जपतो. मार्चमध्ये नदीवर क्रौंच, एप्रिलच्या पहाटे नाचाचे माळ आणि जाळलेल्या जमिनीतला पहिला कोंब, महिन्याअखेर आर्बर डेची रोपे, आणि मे महिन्यात प्लॅटच्या खोऱ्यात पॉनी मक्याची पेरणी. हा क्रम एकदा मुलांबरोबर पाहिला, तर हातात रोप घेतलेले मूल खड्डा खणण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला शिकेल : इथे आधी काय होते?